वर्गीकरणाची भाषा : स्वयंचलित वहनपट्ट्यावरील प्रकल्प-अहवालांची समीक्षा

सारांश

मालाची हाताळणी आणि वर्गीकरण करणारा स्वयंचलित वहनपट्टा हा तंत्रशिक्षणाच्या अंतिम वर्षातील प्रकल्पांचा आवडता विषय आहे. या प्रकल्पांसोबत सादर होणारा अहवाल हा तांत्रिक दस्तऐवज तर असतोच, शिवाय तो एक भाषिक पाठही असतो. प्रस्तुत लेखात या पाठाची समीक्षा केली असून पिनकोड, मुंबईच्या डबेवाल्यांची खूणपद्धती आणि १९६९ चा माथाडी कायदा या महाराष्ट्राशी निगडित तीन उदाहरणांशी त्याची तुलना केली आहे. 'मानवी चूक' आणि 'मनुष्यबळाची बचत' या अहवालांतील दोन प्रमुख कल्पना तपासून घेण्याची गरज या तुलनेतून पुढे येते.

बीजसंज्ञा : वर्गीकरण, वहनपट्टा, पिनकोड, डबेवाले, माथाडी, प्रकल्प-अहवाल.

प्रस्तावना

इंग्रजीतील 'क्रिटिसिझम' या शब्दाचे मूळ वेगळे करणे, निवडणे या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. मराठीतही 'निवडणे' या क्रियापदाला दोन अंगे आहेत. घरात धान्य निवडले जाते आणि सभेत माणूसही निवडला जातो. खडा कोणता आणि दाणा कोणता हे ओळखल्याशिवाय सुपातले निवडणे शक्य नसते. वहनपट्ट्यावरून जाणारी खोकी वेगवेगळ्या दिशांना वळवणारे यंत्रही हेच करते. म्हणून यंत्राने केलेली निवड हा विषय अभियांत्रिकीइतकाच समीक्षेच्याही कक्षेत येतो.

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा हा या विचारासाठी उचित आधार ठरतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन्ही संस्थांच्या पत्त्यात उस्मानपुरा हे नाव आहे. शहराच्या एका अंगास चिकलठाणा, तर दुसऱ्या अंगास वाळूज ही औद्योगिक क्षेत्रे असून वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. यंत्र शिकणे आणि यंत्रावर काम करणे या दोन गोष्टींमधील अंतर या शहरात काही किलोमीटरचेच आहे. मात्र या दोहोंच्या भाषांमधील अंतर त्याहून बरेच मोठे असल्याचे दिसते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) स्वयंचलित वर्गीकरणावरील प्रकल्प-अहवालांच्या रूढ भाषेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) वर्गीकरणाचे ज्ञान माणसात, अंकात आणि यंत्रात कसे विभागले जाते याचा शोध घेणे.
३) या भाषेतून कोणत्या बाबी वगळल्या जातात हे दाखवून अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना करणे.

लेखाचे स्वरूप पाठवाचनाचे व तुलनेचे आहे. कोणत्याही एका संस्थेतील अथवा विद्यार्थ्याच्या अहवालावर हे भाष्य नाही. विचारार्थ घेतला आहे तो या अहवालांचा रूढ झालेला साचा.

अहवाल : एक वाङ्मयप्रकार

साहित्यात जसे वाङ्मयप्रकाराचे संकेत असतात तसे ते प्रकल्प-अहवालातही असतात. आरंभी उद्योगक्षेत्रातील स्पर्धेचा उल्लेख येतो. त्यानंतर हाताने होणारे वर्गीकरण संथ, खर्चिक आणि चुकांना वाव देणारे असल्याचे विधान केले जाते. मग मोटर, पट्टा, सेन्सर, पीएलसी आणि ढकलदांडा यांचे वर्णन, जोडणीची आकृती, चाचणीचा तक्ता आणि शेवटी 'वेळेची बचत, मनुष्यबळाची बचत, मानवी चुकांचे उच्चाटन' हे तीन लाभ असा क्रम असतो. हे तीनही लाभ बहुधा प्रयोगापूर्वीच ठरलेले असतात. चाचणीचे निष्कर्ष काहीही आले तरी ते बदलत नाहीत.

या पाठाचे आणखी एक लक्षण म्हणजे कर्मणी प्रयोगाचा सततचा वापर. 'वस्तू पट्ट्यावर ठेवली जाते', 'वस्तू ओळखली जाते', 'वस्तू बाजूला केली जाते' अशा वाक्यांत कर्ता लोपतो. ओळखण्याचे काम सेन्सर करतो हे मान्य करता येईल. पण पट्ट्याच्या तोंडाशी वस्तू कोण ठेवते? तिच्यावर खूण कोण चिकटवते? पट्ट्याच्या शेवटी भरलेली पेटी कोण उचलते? तांत्रिक लेखनात कर्मणी प्रयोग तटस्थतेसाठी रूढ झाला असला, तरी येथे त्याचा परिणाम तटस्थतेपुरता उरत नाही. यंत्राच्या दोन्ही टोकांना उभी असलेली माणसे व्याकरणातच नाहीशी होतात.

पिनकोड : अंकात साठवलेले ज्ञान

हाताने होणारे वर्गीकरण सदोष असते हे गृहीतक तपासण्यासाठी टपालखात्याचे उदाहरण उपयुक्त आहे. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. या योजनेचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. ते दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी होते आणि त्याच वेळी संस्कृत कवी म्हणूनही ख्यातकीर्त होते. त्यांच्या रचनांत विलोमकाव्याचाही समावेश आहे. उलट वाचले असता वेगळा अर्थ देणारी रचना करणाऱ्या कवीला अंकाचे स्थान बदलले की गाव बदलते हे सांगावे लागले नसणार.

पिनकोडच्या सहा अंकांत पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले दोन अंक उपविभाग आणि पहिले तीन अंक वर्गीकरण-जिल्हा दर्शवतात. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. उस्मानपुऱ्याच्या पत्त्यात येणारा ४३१००५ हा क्रमांक असाच डावीकडून उजवीकडे, व्यापक प्रदेशाकडून विशिष्ट कार्यालयाकडे वाचला जातो. आपण पत्ता लिहितो तेव्हा क्रम नेमका उलट असतो : आधी माणसाचे नाव, मग घर, गल्ली, पुरा आणि शेवटी जिल्हा. वर्गीकरण करणाऱ्याला पत्ता शेवटून वाचावा लागतो. पिनकोडने या उलट्या वाचनाला अंकांचा सुलटा क्रम दिला.

या योजनेची निकड नावांच्या गोंधळातून निर्माण झाली होती. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, बोरगाव या नावांची गावे अनेक तालुक्यांत आहेत. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. उस्मानपुरा तर अहमदाबादेतही आहे. त्यात पत्र मराठीत, उर्दूत किंवा इंग्रजीत लिहिलेले असू शकते आणि रोमन लिपीतही उस्मानपुऱ्याची वर्णने एकाहून अधिक आढळतात. २०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यानंतरही जुन्या नावाने पाठवलेले टपाल ४३१ या तीन अंकांच्या आधारे योग्य ठिकाणी पोहोचू शकते. नावाला इतिहास, अस्मिता आणि वाद असतात. अंक या सर्वांविषयी उदासीन असतो. ही उदासीनता हेच वर्गीकरणाच्या दृष्टीने त्याचे बळ आहे.

परंतु याच ठिकाणी त्याची मर्यादाही स्पष्ट होते. ४३१००५ हा क्रमांक पाकीट टपाल कार्यालयाच्या दारापर्यंत आणतो. तेथून पुढे 'दवाखान्यासमोरची गल्ली, पिठाच्या गिरणीच्या मागे' हा पत्ता वाचतो तो पोस्टमन. मे २०२५ मध्ये टपाल विभागाने डिजिपिन ही दहा अक्षरांकांची नवी पद्धती जाहीर केली. तिच्यात देशाच्या भूभागाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटर आकाराचे चौकोन कल्पिले आहेत. म्हणजे गल्लीच नव्हे, तर दारही अंकबद्ध करण्याचा हा प्रयत्न होय. मात्र एकाच चौकोनावर उभ्या असलेल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावर कोणाचे दार वाजवायचे, हा प्रश्न तेव्हाही उरतोच. तात्पर्य, अंकबद्धतेमुळे मानवी ज्ञानाची गरज संपत नाही. तिची जागा पुढे सरकते.

डबेवाले : माणसात साठवलेले ज्ञान

मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांतून आलेल्या माणसांनी ती उभी केली. कोविड साथीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज सुमारे दोन लाख डबे पोहोचवतात, असा उल्लेख सर्वत्र होत असे. साथीनंतर ही संख्या बरीच घटली. घर ते कार्यालय या प्रवासात एक डबा अनेक हातांतून जातो आणि स्थानकावर काही मिनिटांत त्याची फेरमांडणी होते. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि अंक यांची खूण असते. तिच्यातून निघण्याचे ठिकाण, उतरण्याचे स्थानक, वाटप करणारा गट, इमारत आणि मजला इतके कळते.

१९९८ मध्ये फोर्ब्स नियतकालिकातील लेखानंतर या व्यवस्थेची अचूकता जगभर चर्चिली गेली आणि २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिच्यावर अध्ययनपत्र प्रसिद्ध केले. लाखांत एक, कोटीत एक अशा चुकांच्या प्रमाणाचे निरनिराळे आकडे सांगितले जातात. ते कोणत्या मोजणीतून आले हे पाहिल्याखेरीज उद्धृत करणे अभ्यासकाने टाळावे. ही ख्याती प्रामुख्याने नियतकालिकांतील लेखनावर उभी राहिली, याचेही भान ठेवले पाहिजे. आकडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. सेन्सर आणि संगणक यांच्याशिवाय हाताने केलेले वर्गीकरण दीर्घकाळ विश्वसनीय राहू शकते.

याचे कारण खुणेच्या आखूडपणात आहे. डब्यावरची खूण अनोळखी माणसाला काहीच सांगत नाही. ती ज्याला रस्ता, इमारत आणि गिऱ्हाईक आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. येथे ज्ञान माणसात असून खूण केवळ आठवण करून देते. पिनकोडमध्ये ज्ञान अंकात आहे. क्रमाचा नियम माहीत असलेला, पण गाव कधीही न पाहिलेला कर्मचारीही त्याच्या आधारे वर्गीकरण करू शकतो. बारकोड तर डोळ्याने वाचताच येत नाही, तो यंत्रासाठीच आहे. डबा, पिनकोड आणि बारकोड या क्रमात ज्ञान माणसाकडून खुणेकडे सरकत जाते. खूण जितकी स्वयंपूर्ण, तितका माणूस बदलता येण्याजोगा होतो. व्यवस्थापनाच्या भाषेत याला लवचीकता म्हणतात. काम करणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास यातच त्याच्या अनुभवाचे मोल घटते. प्रकल्प-अहवालात पहिली बाजू असते, दुसरी नसते.

यंत्राची चूक

'मानवी चुकांचे उच्चाटन' हे अहवालातील सर्वांत आत्मविश्वासपूर्ण विधान होय. ते यंत्राच्या अंगाने तपासून पाहता येईल. समजा, पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असून बारकोड वाचणारा सेन्सर आणि ढकलदांडा यांत दोन मीटर अंतर आहे. खोके ढकलदांड्यासमोर येण्यास चार सेकंद लागतात. अनेक प्रारूपांत यासाठी चार सेकंदांचा टायमर बसवला जातो आणि रिकाम्या, हलक्या खोक्यांवर चाचणी यशस्वी ठरते. आता पट्ट्यावर भार वाढून वेग दहा टक्क्यांनी घटला असे मानू. चार सेकंदांत खोके एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच पुढे जाईल. दांडा वीस सेंटिमीटर आधीच्या स्थितीत सरकेल आणि रिकाम्या पट्ट्यावर किंवा पुढच्या खोक्यावर आदळेल. सेन्सरने वाचन अचूक केले आहे आणि टायमरनेही वेळ अचूक मोजली आहे. तरीही वर्गीकरण चुकले, कारण मोजायला हवे होते ते अंतर आणि मोजली गेली ती वेळ.

उद्योगात यावर उपाय म्हणून पट्ट्याच्या गतीशी जोडलेला एन्कोडर वापरतात. दर मिलिमीटरला एक स्पंद मिळत असेल तर दोन हजार स्पंद झाल्यावर दांडा सरकतो. पट्टा संथ झाला किंवा थांबून पुन्हा सुरू झाला तरी हिशेब बिघडत नाही. मात्र खोके पट्ट्यावर घसरले, दोन खोकी एकमेकांना चिकटून आली किंवा बारकोड चुरगळला तर हाही उपाय अपुरा पडतो. म्हणून व्यवस्थित आखलेल्या प्रत्येक यंत्रणेत एक नाकारलेल्या मालाची वाट असते. न वाचलेली, फाटलेली, ओली झालेली खोकी त्या वाटेने जातात आणि तेथे माणूस उभा असतो. शंभरात एक खोके नाकारले गेले तरी दहा हजारांत शंभर खोकी त्याच्या हातून जातील, आणि ती सर्वांत अवघड खोकी असतील. यंत्राने सोपे तेवढे स्वतःकडे ठेवले आणि कठीण ते माणसाकडे दिले, असाही याचा अर्थ लावता येईल. प्रकल्पाच्या प्रारूपात ही वाट बहुधा नसते. ती नसल्यामुळेच अचूकता शंभर टक्के दिसते.

येथे पीएलसीचा इतिहास बोलका आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या मागणीतून मोडिकॉन हे नियंत्रक पुढे आले. त्यापूर्वी मोटारीचे प्रारूप बदलले की रिलेच्या भिंतीएवढ्या फलकांची तारजोडणी नव्याने करावी लागे. नव्या नियंत्रकासाठी जी शिडीच्या आकाराची आकृतिभाषा स्वीकारली गेली ती रिलेच्या जुन्या आकृत्यांसारखीच होती. कारखान्यातील वीजतंत्रीला ती वाचता यावी, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे ज्या यंत्राकडे स्वयंचलनाचा आरंभ म्हणून पाहिले जाते त्याच्या भाषेतच कामगाराच्या ज्ञानाचा आदर होता. हा संदर्भ वर्गात सांगितला जात नाही तेव्हा शिडीची आकृती केवळ परीक्षेतील प्रश्न होऊन बसते.

मनुष्यबळ : नाम आणि क्रियापदे

'मनुष्यबळाची बचत' या दुसऱ्या विधानात मनुष्यबळ हे एक अखंड नाम आहे. वीज, वेळ आणि पैसा यांच्यासारखीच ती वाचवण्याची वस्तू ठरते. या नामाशेजारी महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ ठेवून पाहावा. त्यात काम क्रियापदांनी सांगितले आहे : भरणे, उतरवणे, रचणे, वाहणे, वजन करणे, मोजणे, आणि या कामांच्या पूर्वतयारीची वा आनुषंगिक कामे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळीच्या पार्श्वभूमीवर आलेल्या या कायद्याने, ज्यांचा मालक रोज बदलतो अशा कामगारांसाठी मंडळांची व्यवस्था केली. पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीचे कार्यही याच परंपरेतील आहे. जे काम समाजाला एकच, 'ओझे वाहणे', वाटत होते त्याची ही फोड वर्गीकरणाचाच एक प्रकार असून त्या निवडीमागे कामगाराच्या हक्काची जाणीव होती.

वहनपट्टा या क्रियापदांपैकी 'वाहणे' स्वतःकडे घेतो. भरणे, उतरवणे आणि रचणे ही कामे बहुतांश ठिकाणी माणसाकडेच राहतात. फरक इतकाच की आता त्यांची गती पट्टा ठरवतो. चार्ली चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) या चित्रपटात पट्ट्याचा वेग वाढत जातो आणि कामगाराचे हात त्याच्यामागे धावत राहतात. त्या दृश्यातील विनोदाचा गाभा हाच आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याची, तर कलम २२ मध्ये चालू यंत्रावरील कामासंबंधीची तरतूद होती, ती याच हातांसाठी. प्रकल्पाच्या प्रारूपात मात्र रुळाचा उघडा सांधा, आवरण नसलेली साखळी आणि तातडीने थांबवण्याच्या लाल कळीचा अभाव सहज खपून जातो, कारण त्याच्याजवळ आठ तास कोणी उभे राहणार नसते.

याचा अर्थ स्वयंचलनास विरोध करावा असा मुळीच नाही. पाठीवर पोती वाहून माणसाचा कणा झिजतो. रात्रभर पिवळ्या दिव्याखाली पाकिटे लावण्यात गौरव करण्यासारखे काही नाही. हमालीच्या ओझ्याचे काव्य करणे हा ते ओझे न वाहणाऱ्यांचाच छंद असतो. प्रस्तुत आक्षेप यंत्रावर नाही, तर यंत्राविषयी लिहिताना शिकवल्या जाणाऱ्या वगळण्यावर आहे. उस्मानपुऱ्यात शिकणारा विद्यार्थी उद्या वाळूजच्या एखाद्या कारखान्यात पट्टा बसवील. अहवालात त्याने जे कधी लिहिले नाही ते आराखड्यातही येणार नाही. वगळलेले वाक्य पुढे वगळलेले आवरण होऊ शकते.

निष्कर्ष

१) वर्गीकरणाचे ज्ञान स्वयंचलनामुळे नष्ट होत नाही. ते माणूस, खूण आणि यंत्र यांच्यात नव्याने विभागले जाते. ही विभागणी कशी झाली हे अहवालात स्पष्ट व्हायला हवे.

२) 'मानवी चुकांचे उच्चाटन' हे विधान टायमर, घसरण आणि न वाचलेला बारकोड यांच्या विचाराविना अपुरे आहे. नाकारलेल्या मालाची वाट आणि तिचे प्रमाण चाचणीच्या तक्त्यात यावे.

३) 'मनुष्यबळ' या नामाऐवजी कोणती क्रिया यंत्राकडे गेली आणि कोणती माणसाकडे राहिली हे क्रियापदांनी लिहिले जावे. संरक्षक आवरण आणि तातडीची थांबवणूक यांस परिशिष्टात ढकलू नये, त्यांना मूळ आराखड्यात स्थान असावे.

४) भाषा व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांनी प्रकल्प-अहवालाकडे समीक्षेस पात्र पाठ म्हणून पाहावे. तोंडी परीक्षेत 'पट्टा कसा चालतो?' या प्रश्नासोबत 'पट्ट्याच्या शेवटी कोण उभे आहे?' हा प्रश्नही विचारला गेल्यास बहुविद्याशाखीय अभ्यासाला प्रत्यक्ष अर्थ लाभेल.

निवडीचे काम यंत्राकडे सोपवता येते. ते का आणि कोणासाठी सोपवले याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र सोपवणाऱ्याकडेच राहते.